हॅरोज कोव्हची चारशे वर्षं

हॅरोज कोव्ह, न्यूफाउंडलंड
१४ एप्रिल २०१३

हेडली,

हे पत्र तू उघडशील की चहाच्या कपाखाली ठेवशील, मला माहीत नाही. तीन नाताळ मी कार्डं पाठवली, त्यांचं काय झालं तेही कळलं नाही. पण तुला पत्र लिहायला मला तुझी परवानगी लागत नाही. मी तुझी मोठी बहीण आहे आणि तुझ्या अबोल्याला भीक घालणाऱ्यातली नाही.

कामाचं बोलते. पाच ऑगस्टला आपल्या गावाला चारशे वर्षं होतात. टोबायस हॅरो ब्रिस्टलहून माणसं, शेळ्या आणि बियाणं घेऊन आपल्या खाडीत उतरला त्याला चारशे वर्षं. समिती झाली आहे आणि अध्यक्ष मी आहे. निवडणूक वगैरे काही झाली नाही. मी जाऊन खुर्चीत बसले आणि कोणी उठवलं नाही.

कार्यक्रम असा. सकाळी हॅरो बोटीतून येऊन किनाऱ्यावर उतरणार, अगदी तेव्हासारखा. डल्सीचा नवरा सिरिल हॅरो होणार आहे. त्याची दाढी स्वतःची आहे, एवढीच त्याची पात्रता. बायका हिवाळाभर विजारी आणि झालरीच्या कॉलरी शिवत बसल्या होत्या, आणि सगळ्या कॉलरी सिरिलच्या मानेला आखूड झाल्या. मग प्रार्थना, भाषणं, आणि सभागृहात जेवण: खारवलेलं मांस, कोबी, सलगम, वाटाण्याचं पुडिंग. केक इतका मोठा होणार आहे की तो दोन घरांच्या भट्ट्यांत भाजून जोडावा लागेल. जगभर पांगलेले आपले लोक येतो म्हणून कळवताहेत. टोरांटोहून पिचर मंडळी येणार, बोस्टनहून तो चुलतभाऊ, ज्याच्या लग्नात तू पायऱ्यांवरून पडला होतास.

अडचण एकच आहे. बोटीला वल्ही सहा आणि गावात धड वल्हं मारू शकतील असे पुरुष चार. पाचवं वल्हं मी घेते. हॅरोच्या बोटीत बायका नव्हत्या असं पाद्रीबुवा म्हणाले. मी म्हटलं, म्हणूनच त्यांना बोट लागली. सहावं वल्हं तुझं. तिकडे आल्बर्टात लेकीच्या घरी टीव्हीसमोर बसून तू कोणाचं काही भलं करत नाहीयेस. रोझलिन बापाला दोन आठवडे नक्की सोडेल.

आता दुसरी गोष्ट, म्हणजे तू कुठूनतरी ऐकून माझ्या नावाने बोटं मोडायला नकोस. सप्टेंबरात पुन्हा मतदान आहे. सरकारचा तोच प्रश्न: गाव उठवायचं का? जवळपास सगळे हो म्हणाले तर पुढच्या वर्षी फेरीबोट बंद, वीज बंद, आणि आपण सगळे सरकारी भरपाई घेऊन खाडीपलीकडे ब्रॉड हार्बरला. गेल्या वेळी एक मत कमी पडलं. मतपेटीला कुलूप असतं, तरी ते मत कोणाचं होतं हे गावातल्या मांजरांनाही ठाऊक आहे. या वेळीही ते तसंच पडणार आहे. चारशे वर्षं उभं राहिलेलं गाव माझ्या हातून मोडणार नाही. मी फलकसुद्धा रंगवून घेतलाय, चर्चच्या भिंतीएवढा: "हॅरोज कोव्ह, चारशे वर्षं अखंड." अक्षरं फूटभर उंच आहेत. मंत्र्यांना बोटीतूनच वाचता येतील.

तुझ्या घराच्या खिडक्या मी दर शनिवारी उघडते. छत ठीक आहे. मागच्या दाराशी मुंगसासारखा एक मिंक राहायला आला होता, त्याला बाहेर काढलं.

बोटीचं तिकीट मी काढून देणार नाही. तुला पेन्शन आहे.

एफी

*

हॅरोज कोव्ह
२ जून

हेडली,

उत्तर नाही. ठीक आहे, मला बोलायला समोरचा माणूस लागतोच असं नाही. चाळीस वर्षं मी शाळेत शिकवलं आहे.

उत्खनन करणारी मुलगी आली. नाव नोरा, सेंट जॉन्सची, डॉक्टरेटवाली, आणि दिसते सोळा वर्षांची. बरोबर तीन विद्यार्थी. नोरा माझ्याकडे वरच्या खोलीत राहते, बाकीचे तंबूत. ती सकाळी माझ्या हातच्या तळलेल्या पिठाच्या टिक्क्या काकवीत बुडवून पाच-पाच खाते आणि दिवसभर गुडघ्यांवर बसून चमच्याने माती उकरते. तुझ्या बटाट्याच्या वाफ्यात खणताहेत ते. परवानगी तुझी घ्यायला हवी होती, पण तू पत्रांना उत्तर देत नाहीस, म्हणून मी दिली.

भिंत लागली आहे! तुझ्या बटाट्यांच्या खाली हातभर खोल, हॅरोच्या घराची. बाबा आणि तू इतकी वर्षं तिथे फावडं मारत होतात आणि "इथे फार दगड लागतात" म्हणून शिव्या देत होतात, तेच ते दगड. मातीच्या चिलमी निघाल्या, शिवणकामाचं एक अंगुस्तान निघालं, खापरं तर टोपलीभर. गाव रोज संध्याकाळी तिथे जमतं. पाद्रीबुवांनी तर चिलीम तोंडात धरून फोटो काढून घेतला आणि नोराने ती हातातून काढून घेतली.

एक सांगते. भिंतीच्याही खाली नोराला दगडी भाल्याची टोकं मिळाली. हॅरो यायच्या कितीतरी आधीची माणसं. आपण "चारशे वर्षं" म्हणतो तेव्हा ती काही बोलत नाही, ओठ मुडपते. मी विचारलं तेव्हा म्हणाली, त्यांचा वाढदिवस कोण करणार? मी भाषणात त्यांच्यासाठी एक परिच्छेद घातला आहे. एक परिच्छेद पुरेसा नाही, हे मलाही कळतं.

गेल्या मंगळवारी बोटीची तालीम झाली. वारा जरा जास्तच होता. सिरिलला चक्कर आली. तसं काही विशेष नाही. त्याला धक्क्यावरच्या शेडमध्ये बाकावर झोपवलं, वारा पडला की बोट येईल असं पलीकडून कळवलं होतं. ती गुरुवारी आली. हेलिकॉप्टर धुक्यामुळे उतरू शकलं नाही. आता तो घरी आहे, गोळ्या घेतो, आणि हॅरो मीच होणार म्हणून हटून बसला आहे. दाढी काढणार नाही म्हणतो.

डल्सी नंतर माझ्याकडे येऊन बसली. आम्ही केकबद्दल बोललो.

खाडीच्या तोंडाशी यंदा एक भला मोठा हिमनग अडकून बसला आहे. त्याच्यामुळे घरात थंडी शिरते आणि मी जूनमध्येही चूल पेटती ठेवते. पुढच्या आठवड्यात छोटे मासे किनाऱ्यावर लोळायला येतील. या वर्षी बादल्या घेऊन कोण उतरणार आहे कुणास ठाऊक. गेल्या वर्षी आम्ही नऊजण होतो आणि त्यातल्या दोघांना वाकता येत नव्हतं.

तुझं वल्हं अजून रिकामं आहे.

एफी

*

हॅरोज कोव्ह
१४ जुलै

हेडली,

हे पत्र मी दोनदा सुरू करून चुलीत टाकलं. तिसऱ्यांदा लिहिते आहे तेव्हा सरळच लिहिते.

शुक्रवारी समितीची बैठक होती. नोराला मीच बोलावलं होतं, हॅरोच्या घराबद्दल चार शब्द सांग म्हणून. मला वाटलं होतं चिलमी दाखवेल, माणसं टाळ्या वाजवतील, आपण चहाला उठू. तिने टेबलावर एक पेटी उघडली आणि म्हणाली, आम्हाला इथे काय सापडलं नाही ते मला सांगायचं आहे. बिजागरी एकही नाही. कडी नाही, कोयंडा नाही. खिळे आहेत, पण वाकडे आणि तुटके तेवढेच. सरळ खिळा एकही नाही. जळल्याची खूण नाही, आणि छत कोसळलं असतं तर खाली जे मिळायला हवं ते काहीच नाही. चुलीच्या जागी चूल नाही. मोठा दगड उचलून नेलेला आहे, त्याचा फक्त तुटलेला कोपरा मागे राहिला आहे.

"म्हणजे घर लुटलं?" पाद्रीबुवांनी विचारलं.

नोरा काही बोलायच्या आत डल्सी बोलली. तुला माहीत आहे, ती गल आयलंडची. ते बेट उठवलं तेव्हा ती सात वर्षांची होती. ती बसल्या जागेवरून म्हणाली, "लुटारू वाकडे खिळे वेचून बाजूला टाकत बसत नाहीत. त्यांनी घर हलवलं."

नोराने मान डोलावली. पाच वर्षांपूर्वी ब्रॉड हार्बरला जी जुनी चूल सापडली होती, तिच्या दगडाचा एक कोपरा तुटलेला होता. गेल्या आठवड्यात ती इथला कोपरा घेऊन पलीकडे गेली आणि तिथल्या दगडाला लावून पाहिला. बसला. हॅरोची माणसं इथे पाच हिवाळे राहिली, हेडली. फक्त पाच. मग त्यांनी घरं उकलली आणि खाडीपलीकडे गेली. त्यानंतर शंभराहून जास्त वर्षं इथे कोणी कायमचं राहिलं नाही. मग डेव्हनमधून आपले मासेवाले आले. आपण हॅरोचे नाही आहोत. आपण नंतर आलेले आहोत.

सगळ्यांना पलीकडच्या भिंतीला टेकवून ठेवलेला माझा फलक दिसत होता आणि कोणी माझ्याकडे बघत नव्हतं.

बैठक संपल्यावर मी नोराला घरी एकटीला गाठलं. म्हटलं, बाळ, हे खरं असेल, पण पाच ऑगस्टला नको. मंत्री येणार आहेत, पेपरवाले येणार आहेत, आणि सप्टेंबरात मतदान आहे. पहिली माणसंच निघून गेली हे त्यांना त्या दिवशी कळलं तर गाव तिथेच संपलं. नंतर छाप, पुस्तक लिही, काय हवं ते कर. तिने चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाली, "एफीमावशी, तुमच्या घरात राहते, तुमचं खाते. तुम्ही सांगाल तर मी भाषणात बोलणार नाही. पण कोणी विचारलं तर खोटं सांगणार नाही." मी म्हटलं, चालेल. आणि मी जिंकले असं समजून झोपायला गेले, आणि झोप लागली नाही.

आता ऐक. जूनच्या पत्रात मी तुला लिहिलं की डल्सी आणि मी केकबद्दल बोललो. आम्ही केकबद्दल बोललो नाही.

सिरिल धक्क्यावरच्या शेडमध्ये दोन दिवस पडून होता. त्याचा रंग गेला होता. ओठ निळसर पडले होते. मी त्याच्या पायांवर रजई घालत होते आणि तो मला विनोद सांगत होता, प्रत्येक विनोदाच्या मध्ये थांबून श्वास घेत होता. डल्सी त्याचा हात धरून बसली होती आणि दर थोड्या वेळाने दाराशी जाऊन समुद्राकडे बघत होती. मी पण बघत होते. लाटा धक्क्यावर चढत होत्या. मला दुसऱ्याच कोणाचीतरी आठवण येत होती आणि मी ती येऊ देत नव्हते.

तो बरा होऊन परत आला त्या संध्याकाळी डल्सी माझ्या स्वयंपाकघरात आली. अंगातला कोटसुद्धा काढला नाही. म्हणाली, "एफी, यंदा तू काय करणार आहेस ते मला सांगू नकोस. मी विचारणार नाही. तू नाही म्हणालीस तरी मी तुझ्याशी बोलणं टाकणार नाही, आपण शेजारी आहोत. फक्त शेडमध्ये तुला काय दिसलं तेवढं विसरू नकोस." एवढं बोलून ती गेली.

तुझ्या बायकोचं, मर्टलचं, नाव मी दोन पत्रांत घेतलं नाही. ते विसरले म्हणून नव्हे. आठवड्यातून तीनदा तिला पलीकडे रक्त शुद्ध करायला न्यायचं, आणि बोट कधी असायची, कधी नसायची. तू मला माझ्याच दारात उभं राहून विचारलं होतंस, गाव मोठं की माणूस? मी म्हणाले, गाव म्हणजे माणसंच. वाक्य छान होतं. मला ते तेव्हा फार आवडलं होतं. माझं मत गावाच्या बाजूचं होतं, मर्टलच्या विरुद्ध नव्हतं, हे मी तीन वर्षं स्वतःला सांगते आहे, आणि ते खरंही आहे. पण ती वारली परक्या गावात, लेकीच्या घरी, जिथून आपला समुद्र हजारो मैल लांब आहे. तिला मासे सुकतानाचा वास आवडायचा. मी तिच्या अंत्यविधीला आले नाही. तू बोलावलं नाहीस आणि मी न बोलावता आले नाही. एरवी कुठेही न बोलावता जाते.

आता मी काय करणार आहे ते मलाच माहीत नाही. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा लिहिते आहे, जपून ठेव.

एफी

*

४ ऑगस्ट

हेडली,

उद्या. धुकं इतकं आहे की चर्च दिसत नाही. लोक तरीही येऊन पोचले आहेत, जमिनीवर झोपले आहेत, सभागृहात अकॉर्डियन वाजतोय. माझ्या घरात अकरा माणसं आहेत आणि मला त्यांतली तीन कोण आहेत ते माहीत नाही. तू त्यांच्यात नाहीस, मी बघितलं.

एफी

*

हॅरोज कोव्ह
७ ऑगस्ट

हेडली,

झालं. आणि असं झालं की आपल्या नातवंडांची नातवंडं सांगतील. मी स्वतःची स्तुती करत नाही, जे झालं तेच सांगते.

धुकं सकाळी आठला निवळलं. मी सहालाच उठून हिरव्या रंगाचा डबा आणि बोटीचा ब्रश घेऊन चर्चच्या भिंतीशी गेले आणि फलकावरचा "अखंड" रंगाने झाकून टाकला. रंग ओघळला. दुरून बघणाऱ्याला तिथे शेवाळ वाटलं असेल. त्या वेळेपर्यंत मी एवढंच ठरवलं होतं: खोटं लिहायचं नाही. त्याच्यापुढे काही ठरवलं नव्हतं.

सिरिल हॅरो झाला. बोटीत वल्हं हातात न घेता पुढच्या बाजूला खुर्चीवर बसला, कॉलर सुईदोऱ्याने मागून जोडलेली, आणि राजासारखा हात हलवत आला. सहावं वल्हं बोस्टनच्या चुलतभावाने घेतलं. त्याने आम्हाला जवळजवळ खडकावर घातलं होतं. किनाऱ्यावर पाचशे माणसं होती, हेडली. शाळेच्या दिवसांनंतर मी इथे इतकी माणसं पाहिली नव्हती. डल्सी गुडघाभर पाण्यात उतरून उभी होती, सिरिलला हात द्यायला. लोकांना वाटलं तो नाटकाचाच भाग आहे.

मग जेवण, मग भाषणं. मंत्री चांगला माणूस निघाला, पण भाषण त्याला कोणीतरी लिहून दिलेलं होतं. चारशे वर्षं या खडकाला चिकटून राहिलेले लोक, असं तो चारदा म्हणाला. प्रत्येक वेळी नोराने आपल्या ताटाकडे बघितलं. तिने मला दिलेला शब्द पाळला. मला तिची लाज वाटली, म्हणजे माझी वाटली.

शेवटी आभार मानायला मी उठले. माझ्या हातात कागद होता. तो मी खाली ठेवला. मी म्हटलं, मंत्रिमहाशयांना एक दुरुस्ती सांगायची आहे, शाळामास्तरणीची खोड आहे, माफ करावी. हॅरोची माणसं चारशे वर्षं इथे राहिली नाहीत. पाच हिवाळे राहिली. हे या मुलीने शोधून काढलं आणि मी तिला गप्प बसायला सांगितलं. ती माणसं पळाली नाहीत. उपाशी मेली नाहीत. त्यांनी दारांच्या बिजागऱ्या काढल्या, सरळ खिळे वेचून घेतले, चुलीचा दगड उचलला आणि जिथे जगता येईल तिथे गेली.

मग मागून टोरांटोच्या पिचरांपैकी कोणीतरी ओरडून विचारलं, "मग एफीमावशी, आम्ही विमानाचं भाडं भरून केक कोणाचा खातोय?"

लोक हसले. मीही हसले, आणि हसता हसता मला उत्तर सुचलं. मी म्हटलं, "जे आले त्यांचा. आणि जे वेळेवर गेले त्यांचाही. त्यांच्या आधी जे होते त्यांना कोणी केक दिला नाही, म्हणून एक तुकडा त्यांच्या नावाने राहू दे. आणि आता हे बसून ऐका. गेल्या वेळी एक मत कमी पडलं होतं. कोणाचं ते तुम्हाला माहीत आहे, तुम्ही सभ्य माणसं म्हणून बोलत नाही. या सप्टेंबरात ते कमी पडणार नाही."

नंतर काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. टाळ्या झाल्या नाहीत. मला वाटतं, काही जणांना राग आला. पाद्रीबुवांना नक्की आला, त्यांचं घर चर्चचं आहे आणि चर्च कुठे नेणार? काही जण रडत होते. डल्सी आली आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली, माझ्याकडे न बघता. तिने माझ्या ताटातलं सलगम खाल्लं. मला सलगम आवडत नाही हे तिला माहीत आहे. सिरिल पलीकडून कॉलर सोडत म्हणाला की हॅरोचं नाटक निदान पाच वर्षं चालायला हवं होतं, आपण एका दिवसात उरकलं.

मग कोणीतरी अकॉर्डियन उचलला आणि रात्र झाली. मी नाचले. गुडघा अजून दुखतो आहे.

गावावरचं माझं प्रेम कमी झालेलं नाही. हे नीट समजून घे, कारण तू म्हणशील म्हातारी पाघळली. मला आजही हे गाव पलीकडच्या सगळ्या किनाऱ्यापेक्षा चांगलं वाटतं आणि मी तसं कोणालाही तोंडावर सांगेन. पण गाव राहावं म्हणून दुसऱ्याच्या नवऱ्याने शेडमध्ये पडून राहायचं, हे मला आता पटत नाही. तेव्हाही पटायला नको होतं.

तुझ्या उत्तराची वाट बघत नाही, असं लिहिणार होते. बघते आहे.

एफी

*

हॅरोज कोव्ह
६ ऑक्टोबर

हेडली,

फोन ठेवल्यापासून मी स्वयंपाकघरात तीन फेऱ्या मारल्या, पाव भट्टीतून काढायला विसरले, आणि आता लिहायला बसले आहे. फोनवर मला नीट बोलता आलं नाही, आणि तुलाही आलं नाही. आपल्या घरात ते कोणालाच कधी आलं नाही.

मतदान झालं ते मी सांगितलंच. एक "नाही" सोडून सगळे हो म्हणाले, एकाने अडत नाही, आणि या वेळी ते माझं नव्हतं. पाद्रीबुवा जरा खाली मान घालून फिरतात. मी त्यांच्या घरी केक पाठवला, कारण तो अनुभव मला आहे. पुढच्या ऑक्टोबरपर्यंत बोट चालू राहील. मग ज्याने त्याने आपलं न्यायचं. सिरिल आणि डल्सी थांबत नाहीत, नोव्हेंबरातच जाताहेत, तिथे दवाखान्यापासून तीन घरं सोडून त्यांना जागा मिळाली आहे. डल्सीने दारं काढून ठेवायला सुरुवात केली आहे. माझ्याकडे बघून म्हणाली, बिजागऱ्या मी एका डब्यात घातल्यात, पुढच्या पोरीला सापडायला नकोत.

आता तुझ्या प्रश्नाबद्दल. तीन वर्षांनी तू फोन केलास, "एफीताई" म्हणालास, आणि मग एकच विचारलंस: "आईच्या शेजारी जागा आहे का?"

मी म्हणाले, आहे.

मला वाटलं तू स्वतःबद्दल विचारतो आहेस. मग तू सांगितलंस. मी इतकी वर्षं समजत होते की मर्टलला तिकडेच पुरलं. ती राखेच्या कलशात तुझ्या खोलीत कपाटावर आहे, हे मला माहीत नव्हतं. तिला इथे यायचं होतं, आणि तिला इथे आणायचं तर तुला माझ्या दारावरून जावं लागलं असतं, म्हणून तू आणलं नाहीस. मी तुझ्यावर रागावू शकत नाही. मी प्रयत्न केला, जमलं नाही. मी बसून रडले, हेडली. म्हणून फोन ठेवला. पाव हे निमित्त होतं.

गाव उठलं तरी दफनभूमी उठत नाही. नियम तसा आहे, मी विचारून घेतलं. उन्हाळ्यात बोट करून येता येईल, गवत कापता येईल. तेव्हा घाबरू नकोस. तिला एकटीला सोडल्यासारखं होणार नाही, तिथे आई आहे, बाबा आहेत, आणि तिची चेष्टा करणारा आपला सगळा गोतावळा आहे.

ये. जमीन गोठायच्या आत ये, नाहीतर खणायला सिरिल हट्टाने उठेल आणि डल्सी मला जिवंत ठेवणार नाही. खणायचं काम तू आणि बोस्टनचा चुलतभाऊ करा. तो पुन्हा येतो म्हणाला आहे, त्याला इथून जाववत नाही. तुझ्या घरात चूल पेटवून ठेवते. गादी उन्हात घातली आहे.

आणि एक गोष्ट तुला दुसऱ्या कोणाकडून कळायला नको म्हणून मीच सांगते. आईच्या शेजारी एकच जागा होती, आणि ती बाबा गेल्यावर मी माझ्यासाठी लिहून घेतली होती. आज दुपारी जाऊन ती मर्टलच्या नावावर केली. पाद्रीबुवांनी विचारलं, मग तुम्ही? मी म्हटलं, मी ब्रॉड हार्बरला. तिथल्या दफनभूमीत आपल्या घरातलं अजून कोणी नाही. कोणीतरी पहिलं जायला हवं.

एफी